शिकाऊ उमेदवार आणि त्यांचा सांभाळ

मुलाला कारखान्यात किंवा प्रशिक्षण संस्थेत घालायला आलेला बाप फाटकापाशी मिस्त्रीला काय सांगतो, हे आम्ही पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहोत. "पोरगा तुमच्या हवाली केला. मारा, झोडा, पण कामाचा करा." हे बोलणाऱ्याला मुलाची माया नसते असे नव्हे. उलट मायेपोटीच तो हे बोलतो. आपल्याला जे जन्मभर मिळाले नाही ते कसब पोराच्या हाती यावे, एवढीच त्याची इच्छा असते. पण त्या एका वाक्यात तो काय काय देऊन टाकतो, याचा हिशेब त्याने केलेला नसतो. आणि घेणाराही तो करीत नाही.

आजच्या लेखात तो हिशेब मांडण्याचा आमचा विचार आहे. वयाने लहान मुले, आणि वयाने मोठी असूनही ज्यांना आपले गाऱ्हाणे सहजासहजी सांगता येत नाही अशी माणसे, उदाहरणार्थ मूकबधिर, बुद्धीने मंदगती, किंवा परगावाहून एकटी आलेली, ही जेव्हा हुन्नर शिकायला एखाद्या संस्थेत जातात, तेव्हा तेथील माणसांकडूनच त्यांना अपाय होऊ नये म्हणून कोणती व्यवस्था लागते, हा आमचा प्रश्न आहे. अपायात मार आला, शिव्या आल्या, शिकवण्याच्या नावाखाली घरची कामे करवून घेणे आले. आणि ज्याचा उच्चार करायला चारचौघांत जीभ अडखळते तो लैंगिक छळही आला. सरकारी भाषेत या व्यवस्थेला संरक्षण म्हणतात. आम्ही तिला साधेपणाने सांभाळ म्हणू.

प्रथमच एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहुसंख्य मिस्त्री आणि शिल्पनिदेशक भली माणसे असतात. आम्हाला ज्यांनी कानस धरायला शिकवली त्यांचे उपकार आम्ही फेडू शकलेलो नाही. परंतु बहुतेक माणसे प्रामाणिक असतात म्हणून कोणी गल्ल्याला कुलूप लावायचे सोडत नाही, आणि त्या कुलपामुळे रोखपालाचा अपमान झाला असेही कोणी मानत नाही.

आता शिकाऊ उमेदवाराची स्थिती पाहू. तो धड विद्यार्थी नसतो आणि धड कामगारही नसतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे अठरावे कलम स्पष्ट सांगते की, तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि मजुरांसंबंधीचे कायदे त्याला लागू नाहीत. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की त्याला उमेदवारी करता येते. धोकादायक उद्योगांतील व्यवसायांसाठी ही मर्यादा २०१४ च्या दुरुस्तीने अठरा वर्षांची केली. उमेदवार सज्ञान नसेल तर करारावर त्याच्या वतीने पालक सही करतो. तंटा उद्भवला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढे नेण्याची तरतूद आहे. हे सगळे वाचताना ठीक वाटते. पण सोळा वर्षांच्या मुलाला सल्लागार या नावाचा अधिकारी कोठे बसतो हे ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो मिस्त्री.

आणि मिस्त्रीच्या हाती काय काय असते? हजेरीपट त्याच्याकडे. विद्यावेतनाच्या कागदावर शेरा त्याचा. रोजच्या कामाची वही तो तपासतो. कोणाला लेथवर उभे करायचे आणि कोणाला वर्षभर नुसता बुरादा झाडायला लावायचा, हे तोच ठरवतो. शेवटी परीक्षेला बसण्यापुरते काम झाले की नाही, हेही त्याच्याच शब्दावर ठरते. शाळेतला मास्तर फार तर नापास करील. मुलगा पुन्हा बसेल. येथे मिस्त्री बिनसला तर हातात कसब नाही, दाखला नाही आणि दोन वर्षे पाण्यात. एवढी सत्ता एका माणसाच्या मुठीत असताना त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्यामार्फतच वर पाठवायची, अशी अनेक ठिकाणी रीत आहे. अर्ज 'योग्य मार्गाने' आला पाहिजे म्हणतात. तो योग्य मार्ग नेमका त्याच टेबलावरून जातो.

दुसरी गोष्ट जागेची. शाळेचा वर्ग उघडा असतो. वर्कशॉपला स्टोअरची खोली असते, पॅटर्नचा माळा असतो, ट्रान्स्फॉर्मरमागचा बोळ असतो. यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. पाळी सुटल्यावर "थोडं थांब रे, जॉब पुरा करून जा" असे म्हणणे अगदी सहज दिसते. त्याच कायद्याप्रमाणे उमेदवाराला जादा वेळ थांबवायचे तर उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते, आणि ती प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताखेरीज देता येत नाही. हे कलम पगार वाचवण्यासाठी आहे अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. ते पोराला घरी वेळेवर पोचवण्याच्याही कामाचे आहे, हे आम्हाला उशिरा उमगले.

तिसरी गोष्ट हाताची, आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. कारण बाहेरची माणसे येथेच चुकतात. हुन्नर पुस्तकातून येत नाही. कानशीचा दाब किती, हे सांगून कळत नाही. शिकवणारा मागे उभा राहून मुलाच्या हातावर हात ठेवतो आणि दोन घाव स्वतः मारून दाखवतो. वेल्डिंगला मनगट धरावे लागते, सुतारकामाला खांदा वळवून उभे करावे लागते. "मुलांना हात लावू नये" असा नियम एखाद्या संस्थेने भिंतीवर लावला, तर पहिल्या आठवड्यात सगळे मिस्त्री तो मोडतील. जो नियम सगळेच मोडतात त्याच्या आड वाईट माणूसही सुखाने लपतो. तेव्हा नियम असा हवा: हात लावायचा तो सांगून, कामापुरता आणि सर्वांच्या देखत. "मनगट धरतो बघ" एवढे तीन शब्द बोलायला वेळ लागत नाही. ज्या शिकवणाऱ्यांना आम्ही हे सुचवले, त्यांतले काही प्रथम हसले. पण सवय झाल्यावर त्यांनीच सांगितले की पोर आता दचकत नाही, आणि घाव सरळ पडतो.

ही अडचण आजची नाही. इंग्लंडात कारखान्यांविषयीचा पहिला कायदा १८०२ साली झाला, तो मुळी उमेदवार मुलांसाठीच होता. अनाथगृहांतली पोरे गाड्या भरभरून सूतगिरण्यांत पाठवीत. रॉबर्ट ब्लिंको नावाचा असा एक मुलगा १७९९ च्या सुमारास, जेमतेम सात वर्षांचा असताना, लंडनहून नॉटिंगहॅमकडच्या गिरणीत गेला. तेथे भाजलेले मांस आणि गोड पुडिंग खायला मिळेल, असे मुलांना सांगण्यात आले होते. पुढे त्याच्या हालांची हकीकत पुस्तकरूपाने निघाली म्हणून आपल्याला त्याचे नाव कळते. १८०२ चा कायदा आणणारे थोरले रॉबर्ट पील स्वतः गिरणीमालक होते आणि त्यांच्या गिरण्यांतही अशी मुले होती. कायद्याने दिवसाचे काम बारा तासांवर आणले, रात्रपाळी बंद करायला लावली, मुलामुलींच्या झोपण्याच्या खोल्या वेगळ्या करायला लावल्या. एका बिछान्यात दोनांहून अधिक मुले निजवू नयेत, असेही त्यात होते. यावरून आधी काय चालत असेल ते समजावे. पण आमच्या दृष्टीने त्यातले मोलाचे कलम दुसरेच आहे. प्रत्येक ठिकाणी दोन पाहणी करणारे नेमावेत, एक न्यायाधिकारी आणि एक धर्मोपदेशक, आणि त्या दोघांचा गिरणीशी काहीही संबंध नसावा, असे त्यात म्हटले होते. म्हणजे ऐकणारा माणूस बाहेरचा हवा, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी कळलेली होती. कायदा मात्र बहुतांशी कागदावर राहिला, कारण पाहणी करणाऱ्यांना ना वेतन होते ना बांधिलकी. पगारी निरीक्षक नेमले गेले ते १८३३ साली, आणि तेही साऱ्या देशाला चार.

आपल्याकडे १८५० साली उमेदवारीचा पहिला कायदा झाला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला पालकाने सात वर्षांपर्यंत धन्याशी बांधून द्यावे, अशी त्यात सोय होती. अनाथ आणि गरीब मुलांना हुन्नर लागावा हा हेतू सांगितला होता. पुढे १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीत यायचे वय सात ठरवले, १८९१ ला ते नऊ झाले, १९२२ ला बारा. वय आणि तास यांसाठी पुष्कळ माणसे झगडली आणि ते झगडे आमच्या चळवळीचा अभिमान आहेत. पण पोर आत गेल्यावर त्याचे ऐकणार कोण, हा प्रश्न आमच्या चळवळीनेही फारसा विचारला नाही.

हे आम्ही दुसऱ्यांविषयी बोलत नाही. आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. साल १९९८. आम्ही एका कारखान्याच्या युनियन कमिटीचे नवे चिटणीस होतो. फिटर खात्यात एक सोळा वर्षांचा उमेदवार होता. खात्याचा मिस्त्री पाळी सुटल्यावर त्याला मागच्या स्टोअरमध्ये थांबवतो आणि नको तसे वागतो, असे दुसऱ्या एका पोराने आम्हाला येऊन सांगितले. मिस्त्री आमचा जुना सभासद. संपात अंगावर लाठ्या घेतलेला. मोर्च्यात झेंडा त्याच्या हाती असे. आम्ही काय केले? सरळ त्याच्याकडेच गेलो आणि म्हणालो, "दादा, असं काहीबाही कानावर येतंय, जरा सांभाळा." आम्हाला वाटले, घरातली गोष्ट घरातच मिटली.

दुसऱ्या दिवसापासून त्या पोराच्या कामाच्या वहीत लाल शेरे पडू लागले. आठवड्याभरात त्याने यायचे बंद केले. गैरहजेरीच्या कारणाने करार रद्द झाला. कमिटीत विषय निघाला तेव्हा एकाने विचारले, "पोरगा आपला सभासद आहे का?" नव्हता. मिस्त्री होता. खरे तर १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात वयाची आडकाठी नव्हती. पंधरा वर्षे पुरी झालेल्याला सभासद होता येत असे. उमेदवारांना सभासद करून घ्यायचे आम्हालाच कधी सुचले नव्हते. त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. चार महिन्यांनी मुलाचा बाप कचेरीत आला. त्याला यातले काहीच माहीत नव्हते. थकलेले विद्यावेतन मिळावे एवढेच त्याचे मागणे. ते आम्ही मिळवून दिले. तो आमच्या पाया पडायला वाकला. मुलगा पुढे एकदाच दिसला, बाजारात हातगाडी ओढताना. त्याने ओळख दिली नाही.

आमच्या तीन चुका झाल्या, आणि त्या इतक्या सर्रास होतात की मोजून सांगणे बरे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच आम्ही सर्वांआधी सावध केले. तक्रार खरी की खोटी यापेक्षा आपला माणूस कोणता हे आधी पाहिले. आणि मुलगा येईनासा झाला तेव्हा गैरहजेरीचा कागद खरा मानला. पोर का येत नाही हे विचारायला त्याच्या घरी एकही माणूस पाठवला नाही. प्रशिक्षण संस्थेत एखादा उमेदवार एकाएकी गळतो, तेव्हा ती पुष्कळदा त्याची न लिहिलेली तक्रार असते.

आज तशी गोष्ट कानावर आली तर काय करायचे, हे कायद्याने ठरवून दिले आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला पॉक्सो म्हणतात, अठरा वर्षांखालील प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर शिक्षा अधिक, एक वर्षापर्यंत कैदेची. शिक्षणसंस्थेच्या माणसानेच गुन्हा केला तर तो अधिक गंभीर धरतात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो सांगेल त्या ठिकाणी घ्यायचा, घेणारा पोलीस गणवेशात नसावा, आणि मुलाला रात्री चौकीत ठेवायचे नाही. मुलाचे नाव वर्तमानपत्रात येता कामा नये. तेव्हा "आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो, मग बघू" म्हणणारा व्यवस्थापक किंवा पुढारी कायदाच मोडत असतो. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते. हा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला आणि आज तो सरकार चालवते. तो आकडा मुख्य कचेरीत लावून उपयोग नाही. जेथे पोरे हात धुतात तेथे लावावा.

मूल सांगायला आले तर ऐकणाऱ्याने फार प्रश्न करू नयेत. पुन्हा पुन्हा वदवून घेतल्याने मूल गोंधळते आणि पुढे न्यायालयात तेच त्याच्यावर उलटते. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत, तारीख वेळ घालून उतरवून ठेवावे. "कोणाला सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नये. ते पाळता येत नाही. "ज्यांना सांगायलाच हवे त्यांनाच सांगू, आणि तुला आधी सांगून सांगू" हे वचन देता येते.

मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी २०१३ चा कायदा आहे. भंवरीदेवींवर राजस्थानात १९९२ साली जो अत्याचार झाला, त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिले आणि त्यांतून पुढे हा कायदा आला. त्यात कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येत शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी स्पष्टपणे धरले आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या तरी स्त्रिया हव्यात आणि एक सभासद बाहेरचा हवा. पुन्हा तोच बाहेरचा माणूस! तक्रार तीन महिन्यांत करायची असते; समितीला कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. प्रशिक्षणाला आलेल्या पोरीला हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे, कारण तिला धीर गोळा करायलाच तीन महिने लागतात.

पण एक फट राहून जाते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की पॉक्सो सुटतो, आणि २०१३ चा कायदा त्याला नाही. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात पूर्वीच्या ३७७ व्या कलमाच्या जागी काही घातलेले नाही. म्हणून सज्ञान पुरुषावर पुरुषाने केलेल्या लैंगिक अत्याचाराला तेथे वेगळे नाव उरलेले नाही. दुखापत, कोंडून ठेवणे, धमकावणे या कलमांखाली जावे लागते. काल सतरा वर्षांचा होता म्हणून ज्याला कायद्याचे छत्र होते, तो आज त्याच स्टोअरच्या दारात, त्याच मिस्त्रीसमोर, वाढदिवस झाला म्हणून उघडा पडतो. तेवढी फट तरी संस्थेने स्वतःच्या नियमाने बुजवायला हवी.

अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे. छळ होत असल्याचे कळल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. पण त्यांची खरी अडचण जिभेची असते. मूकबधिर उमेदवाराच्या खुणा समजणारा खात्यात बहुधा एकच माणूस असतो, आणि तो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाच मित्र निघाला तर गाऱ्हाणे दाराशीच बदलते. अशा ठिकाणी खुणांची भाषा जाणणारा माणूस बाहेरून, मूकबधिरांच्या शाळेतून वगैरे, महिन्यातून एकदा तरी आणावा. तक्रार असो वा नसो, त्याने यावे. तक्रारीसाठीच येणाऱ्याच्या शेजारी बसायलाही माणूस भितो.

यावर मिस्त्री मंडळींचा एक आक्षेप नेहमी येतो: पोरे खोटे बोलतील, शिस्त राहणार नाही. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. खोटी तक्रार होऊ शकते. म्हणूनच तर चौकशी मिस्त्रीच्या मित्राकडेही नको आणि शत्रूकडेही नको. स्टोअरच्या दाराला काच असली, पाळीनंतर एकट्या उमेदवाराला थांबवायचे नाही असा लेखी नियम असला, वहीवर दोघांच्या सह्या लागत असल्या, तर निर्दोष मिस्त्रीला आपला निर्दोषपणा दाखवायला साधन मिळते. आज त्याच्यापाशी नुसती शपथ असते.

आमच्या युनियनने आता उमेदवारांच्या वतीने तीन मागण्या लिहून दिल्या आहेत. तक्रार ऐकणारा माणूस हजेरी आणि दाखला यांच्या साखळीबाहेरचा असावा. अंतर्गत समितीने अठरा वर्षांवरच्या मुलांच्याही तक्रारी संस्थेच्या नियमाखाली ऐकाव्यात. आणि तक्रार केलेल्या उमेदवाराची वही त्या दिवसापासून दुसऱ्या मिस्त्रीने तपासावी. शिवाय आमच्या स्वतःच्या घटनेत आम्ही एक ओळ घातली: सभासदाविरुद्ध उमेदवाराची अशी तक्रार आली, तर युनियन त्या सभासदाला वकील देईल, पण त्याच्या बाजूने साक्षीदार गोळा करणार नाही. ही ओळ मंजूर व्हायला दोन सभा लागल्या, आणि काही जुने सोबती अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. व्यवस्थापनाने पहिली मागणी मान्य केली आहे, तिसरीला खर्च नाही म्हणून विरोध नाही. दुसरीवर त्यांच्या वकिलाचे म्हणणे असे की, कायदा सांगत नाही ते कशाला करायचे. त्यांना उत्तर लिहिण्याचे काम सध्या आमच्याकडे आहे.